कोसंबींचे चार पानांचे गणित



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, हमालांची मजुरी, बोनस, कंत्राटी कामगार असा काहीतरी विषय आम्ही घेऊ. आम्ही गणिताचा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले नाही. आमची शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर, वाचनालयात आणि एस. टी.च्या बाकावर. अशा माणसाने गणितावर बोलावे हे धाडसच आहे. पण आज ज्यांच्याविषयी बोलायचे ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही आपल्या विषयाचे कुंपण कधी मानले नाही. तेव्हा थोडे कुंपण आम्हीही ओलांडतो.

प्रथम हा विषय आमच्या डोक्यात कसा आला ते सांगतो. आमचा पुतण्या कृषी विद्यापीठात शिकतो. टोमॅटोच्या जाती, त्यांच्यावर पडणारा रोग, रोगाला तोंड देणारी जात कशी काढावी, असा त्याचा अभ्यास. दिवाळीत घरी आला तो संगणक घेऊनच. एका रात्री आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावर दोन नावे आली आणि यंत्र विचारू लागले, यातले कोणते घेऊ? एक हाल्डेन, दुसरे कोसंबी. आम्ही म्हटले, "अरे, हे आपले कोसंबी का?" तो म्हणाला, "आपले कुठले काका, कोणी जपानी असावा." आम्ही उठून फळीवरचे इतिहासाचे पुस्तक काढले. युनियनच्या अभ्यासवर्गात ते आम्ही तीन वेळा वाचले होते, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. आता आश्चर्य करण्याची पाळी आमचीही होती. कोसंबी म्हणजे प्राचीन भारताच्या इतिहासाचे कोसंबी, एवढेच आम्हांस ठाऊक. टोमॅटोच्या बियाण्यात त्यांचे काय काम? पुतण्याला इतिहासकार माहीत नव्हता आणि आम्हांला गणिती माहीत नव्हता. एकाच माणसाचे दोन तुकडे एका घरात दोघांनी वाटून घेतले होते, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानासाठी घर सोडून पायपीट केलेला, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप हिंडलेला तो माणूस. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवीत. १९१८ साली ते अमेरिकेत गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदराला बरोबर घेऊन गेले. तिथे केंब्रिज गावच्या शाळेत आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९२९ साली ते वरच्या मानाने पदवीधर झाले. एकच विषय धरून खोल जा, असा गुरुजनांचा सल्ला होता. यांनी गणिताबरोबर भाषा, इतिहास जे रुचेल ते घेतले. पदवी बी. ए. एवढीच. डॉक्टर ही उपाधी त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी मिळवली नाही. आमच्यासारख्या नववी नापासांनी त्यावरून मिशीला पीळ देण्याचे कारण नाही, पण ऐकून बरे वाटते खरे.

परत आल्यावर बनारस, नंतर अलीगढ. अलीगढला आंद्रे वेय नावाचा तरुण फ्रेंच गणिती प्राध्यापक होता. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ साली एक निबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, जगात नसलेल्याच एका रशियन गणित्याचा हवाला दिला. निव्वळ थट्टा! पुढे फ्रान्समधल्या गणित्यांच्या एका मंडळाने तेच नाव घेऊन ग्रंथामागून ग्रंथ लिहिले आणि ते नाव जगभर झाले. छापील गणितात ते प्रथम आले ते मात्र आपल्या माणसाच्या लेखणीतून. मग १९३३ च्या सुमारास ते पुण्याला, वडिलांच्याच फर्ग्युसन कॉलेजात आले आणि बारा वर्षे राहिले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. आज आम्हांस सांगायचे आहे ते या पुण्याच्या वर्षांतले काम.

१९४४ साली इंग्लंडमधल्या एका नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. एकंदर पाने चार. प्रयोगशाळा लागली नाही, यंत्र लागले नाही. टोमॅटोच्या यंत्राने नाव पुकारले ते या चार पानांमुळे.

बेल्ह्याचा बैलबाजार आपणां सर्वांना माहीत आहे. दात पाहून, खांदा पाहून, चाल पाहून बैल घेणारी जाणती मंडळी इथे बसली आहेत. काही गुण जोडीने चालतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आईकडून एक गुण आला की त्याच्याबरोबर दुसराही बहुधा येतो, क्वचित येत नाही. असे का होते, याचा छडा न्यूयॉर्कच्या मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या शिष्यांनी लावला. त्यांचा बैल म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलट. गुण ठरवणारे कण गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखे ओळीने बसलेले असतात. आईकडची एक माळ आणि बापाकडची एक माळ. पुढच्या पिढीसाठी बीज तयार होताना या दोन माळा शेजारी येतात, एकमेकींवर आडव्या पडतात, तुटतात आणि अदलाबदल करून पुन्हा जुळतात. दोन मणी एकमेकांना चिकटून असले तर मध्ये तूट पडण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून ते जोडीने चालतात. दूर असले तर पुष्कळदा ताटातूट होते.

स्टर्टेव्हंट हा मॉर्गनचा विद्यार्थी, वय एकोणीस-वीस. १९११ साली एका रात्री त्याच्या ध्यानात आले की, ताटातूट किती वेळा होते हे मोजले की मण्यांमधले अंतर मिळते. त्याने कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकला आणि पहाटेपर्यंत पहिला नकाशा काढला. शंभर पिल्लांपैकी दहांत दोन गुणांची ताटातूट दिसली तर अंतर दहा. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे अंतर नुसत्या मोजदादीवर!

पण यात एक खोच आहे. दोन मण्यांच्या मध्ये एकदा अदलाबदल झाली तर ताटातूट दिसते. दोनदा झाली तर? पहिलीने तोडले ते दुसरीने जोडले. दोघे पुन्हा एकाच माळेवर, आणि मोजणाऱ्याला वाटते काही घडलेच नाही. आळेफाट्यापर्यंत जाऊन परत आलेला माणूस संध्याकाळी ओट्यावरच दिसावा आणि आपण म्हणावे, आज हा घराबाहेर पडलाच नाही, तशातली गत. म्हणून दूरची अंतरे खऱ्यापेक्षा कमी भरतात. मणी कितीही दूर असोत, ताटातूट शंभरात पन्नासापलीकडे जात नाही. नाणे उडवल्यासारखे होते.

ही लपलेली अंतरे बाहेर कशी काढायची? १९१९ साली हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक सूत्र दिले. त्याने धरले असे की, अदलाबदली एकमेकींची पर्वा न करता होतात. ताणलेल्या दोरीवर वळवाचे पहिले थेंब पडावेत तशा. एक थेंब इथे पडला म्हणून दुसरा शेजारी पडायचा थांबत नाही. सूत्र देखणे आहे. पण वस्तुस्थिती तशी नाही, हे मॉर्गनच्या शिष्यांना प्रयोगांतच दिसले होते. माळ एका ठिकाणी तुटली की तिच्या आसपास दुसऱ्यांदा तुटायला कचरते. जवळ असेल तर जवळजवळ तुटतच नाही. लांब गेलो की तो अटकाव विरत जातो.

कोसंबींनी हा अटकाव हिशेबात धरला. अगदी जवळ पूर्ण, अगदी दूर शून्य, आणि मधल्या वाटेत ताटातुटीच्या प्रमाणातच तो कमी होत जातो, हे सर्वांत साधे गृहीत त्यांनी घेतले आणि त्यावरून सूत्र काढले. फरक किती पडतो पाहा. शंभरात दहा ताटातुटी असल्या तर हाल्डेनच्या हिशेबाने अंतर सुमारे ११.२ भरते, कोसंबींच्या हिशेबाने १०.१. फरक किरकोळ. तीस असल्या तर हाल्डेनचे ४५.८ आणि कोसंबींचे ३४.७. चाळीस असल्या तर ८०.५ आणि ५४.९. या मापाला मॉर्गनच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हणतात. बेरीज करून पाहायची असेल तर ती बाजारातल्या पोरालाही करता येईल. अलीकडच्या तुकड्यात वीस ताटातुटी, पलीकडच्या तुकड्यात वीस, तर दोन्ही टोकांमध्ये किती? भोळा माणूस म्हणेल चाळीस. हाल्डेन म्हणतो बत्तीस. कोसंबी म्हणतात साडेचौतीस.

आज ऐंशी वर्षे होऊन गेली. भात, गहू, टोमॅटो अशा किती पिकांचे नकाशे या सूत्रावर काढले गेले, याची गणती आम्ही करू शकत नाही. नकाशा करणाऱ्या संगणकी साधनांत ही दोन नावे शेजारी शेजारी असतात. पुतण्याने पाहिली ती हीच. गंमत अशी की हाल्डेनसाहेबही पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. दोघेही समतेच्या विचाराचे, दोघेही फटकळ. टोमॅटोच्या पडद्यावर दोघे एकमेकांसमोर बसलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, या चार पानांनी आमच्यासारख्या चळवळीच्या माणसाला एवढे का पछाडावे? त्याचे कारण आमच्याच एका हारीत आहे. सांगावेसे वाटत नाही, पण सांगतो. ऐन पंचविशीत आम्ही एका कारखान्यात होतो. व्यवस्थापनाने कामाचे नवे प्रमाण ठरवले. घड्याळ घेऊन आलेल्या माणसाने सकाळची पंधरा मिनिटे मोजली आणि आठ तासांसाठी त्याला बत्तिसाने गुणले. एका यंत्राचा माल दुसऱ्या यंत्राला लागतो, एकाचे खोळंबले की पुढच्याचे खोळंबते, हे त्या गुणाकारात कुठेच नव्हते. आम्हांला ते हातांना कळत होते, कागदावर मांडता येत नव्हते. वाटाघाटीच्या टेबलावर ते आकडे बोलत होते आणि आम्ही घोषणा बोलत होतो. प्रमाण लागू झाले. ते पुरे न केल्याबद्दल तिघांची नोकरी गेली. त्यांतला एकजण आमच्याच शिफारशीने युनियनमध्ये आला होता. त्याच्या घरी जाऊन आम्ही काय सांगणार होतो? त्या पावसाळ्यात आम्ही सातवीच्या गणितापासून पुन्हा सुरुवात केली. म्हणून, प्रत्येक घटना सुटी आहे असे धरले की हिशेब सोपा होतो पण खोटा होतो, हे वाचताना आम्ही चिलटे पाहत नव्हतो. तो यंत्रांचा खोळंबा पाहत होतो.

जिवांचे गणित ही काही नवलाईची गोष्ट नाही. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथ कशी चढते आणि कशी उतरते याचे समीकरण मांडले. ते ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे मृत्यू, आठवड्यामागून आठवडा. त्या ठिपक्यांत घाटावरून गिरणीत गेलेली माणसे असणारच. २०२० साली टाळेबंदीत आपण दूरदर्शनवर रोज जी टेकडीसारखी रेघ पाहत होतो, तिचे मूळ त्या कागदात आहे. स्वतः कोसंबींनीही १९५१ साली एका सहकाऱ्याबरोबर भारतातल्या जन्मांचे ऋतुमान तपासले, कोणत्या महिन्यात जन्म जास्त, कोणत्या महिन्यात कमी. १९५४ साली तसेच मृत्यूंचे तपासले.

१९४३ सालचा त्यांचा आणखी एक निबंध आहे. वळणावळणाच्या, वेड्यावाकड्या रेघेतून मोजक्या मूळ रेघा कशा वेगळ्या काढाव्यात, याची ती रीत. काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांनी तीच स्वतंत्रपणे काढली, आणि जगात ती त्यांच्या नावाने चालते. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव पुढे जोडू लागले आहेत. बियाण्याच्या नकाशावर नाव राहिले, इथे पुसले गेले. मजुरीच्या पुस्तकातही असे होते.

१९४५ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि सुरुवातीच्या काळातच कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. आपल्या शेजारच्या खोडदची मोठी दुर्बीण याच संस्थेची. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड पुण्यात. डेक्कन क्वीनने जाणे-येणे चाले. पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी रोज गाडी पकडणाऱ्यांत एवढा मोठा गणिती बसलेला असे, हे चित्र आम्हांस आवडते. त्याआधीच, फर्ग्युसनच्या वर्षांत, ते इतिहासात शिरले होते, आणि तेही गणिताच्या दारातून. चांदीची जुनी आहत नाणी, म्हणजे कार्षापण, हातोहात फिरताना झिजतात. एका नाण्यावरून काही कळत नाही. पण ढिगाची सरासरी काढली तर जास्त फिरलेले नाणे हलके भरते. म्हणून त्यांनी सोनाराच्या चिकाटीने हजारो नाणी तोलली, चालू बाजारातलीसुद्धा, आणि वजनावरून नाण्यांचा अनुक्रम लावला. आम्ही मार्केट यार्डातल्या गड्यांकडून रुपये गोळा करून सराफी काट्यावर हा प्रयोग केला. काही निघाले नाही! आजचा रुपया पोलादी आहे, चांदीसारखा झिजत नाही. सराफाने चहा पाजला आणि दोन तास वाया गेल्याबद्दल काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे. यज्ञात किती गायी आणि किती कार्षापण दान दिले याची ती यादी. भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी काही तिथे कोरलेले आहेत. ज्या नाण्यांचे वजन कोसंबी पुण्यात करीत होते त्यांची मोजदाद आपल्याच तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर झालेली आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बुरुडांच्या, कासारांच्या, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणी येतात. आपण जिला आज संघटना म्हणतो तिच्या या पणज्या. कोसंबी काठी घेऊन हे डोंगर, ही लेणी, या वाटा पायी हिंडले. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाचा ग्रंथ आला आणि राजांच्या याद्यांऐवजी नांगर, वाट आणि नाणे यांवरून इतिहास वाचण्याची सवय आमच्यासारख्यांना लागली.

आता कडू भाग. तो गाळणे आम्हांस पटत नाही. १९५९ साली कोसंबींनी जाहीर केले की, रीमान नावाच्या जर्मन गणित्याचा मूळ संख्यांविषयीचा जुना सिद्धांत आपण सोडवला. हे कोडे आजही सुटलेले नाही. संभाव्यतेच्या मार्गाने त्यांनी केलेली ती सिद्धता टिकली नाही. शिवाय त्यांनी ती छापली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जिथे मूळ संख्यांचे जाणकार फिरकत नाहीत. त्यांच्या नावाला यामुळे फार धक्का बसला. कोसंबींचे भक्त हे सांगताना आवाज खाली करतात. आम्ही करणार नाही. आपले म्हणणे तपासायला कडक माणसाच्या हाती द्यावे लागते, आणि चळवळीतही आम्ही हे कितीदा टाळले आहे! एकटा पडलेला हुशार माणूस आपल्या बाजूने बोलणारे कान शोधतो. पण त्या एका चुकीसाठी १९४४ ची चार पाने खोटी ठरत नाहीत, तसेच त्या चार पानांमुळे ती चूक बरोबर होत नाही.

संस्थेशी त्यांचे संबंध बिघडत गेले होते. अणुशक्तीवर सारा भार टाकू नका, आपल्या देशात ऊन फुकट आहे त्याचा विचार करा, लहान लहान बंधारे बांधा, असे ते उघड म्हणत. जागतिक शांतता चळवळीत ते पुढे होते. १९६२ साली त्यांचा करार पुढे चालवला गेला नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी, पंचावन्न वर्षे वय, आणि करार संपला. आम्ही असे कागद पुष्कळ हाताळले आहेत. त्यात कारणाची ओळ सर्वांत लहान असते. त्याच वर्षी त्यांचा दंतकथा आणि वास्तव यांवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा निघाला. १९६४ पासून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ म्हणून ते पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करीत होते. एस. ड्यूक्रे या टोपणनावाने मूळ संख्यांवर लिहिणेही त्यांनी सोडले नव्हते. म्हणजे रीमानचे भूत उतरले नव्हतेच! फेब्रुवारी १९६६ मध्ये एका अमेरिकन विज्ञानमासिकात त्यांचा नाण्यांवरचा लेख आला. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

त्या दिवाळीच्या रात्री पुतण्याने दोन्ही सूत्रांनी नकाशे काढले आणि पडद्यावर शेजारी ठेवले. मण्यांचा क्रम दोन्हींत एकच होता, हाल्डेनचा नकाशा मात्र लांब दिसत होता. त्याने कोसंबींचा ठेवला. आपला माणूस म्हणून ठेवलास का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "नाही काका, टोमॅटोतही एक तूट दुसरीला अडवते, म्हणून." मग त्याने ते इतिहासाचे पुस्तक विद्यापीठात नेण्यासाठी मागितले. आमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट ते आम्ही त्याला दिले आहे, आणि अजून परत आलेले नाही.